खाडीपलीकडचा डॉक्टर

वाचकहो, स्कॉटलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एडिंबरोचा किल्ला येतो, नाहीतर धुक्यात हरवलेले डोंगर. या लेखात मात्र मी तुम्हाला प्लॉक्टन नावाच्या एका लहानशा गावी नेणार आहे. हे गाव स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लॉख कॅरन नावाच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. पांढऱ्या भिंतींच्या घरांची एक रांग, पुढे अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे प्रत्येक घराची चिमुकली बाग आणि बागेला लागून पाणी. एवढाच त्याचा पसारा. गेल्या जूनमध्ये मी तेथे चार दिवस राहिले. बरोबर माझे यजमान होते आणि माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई होत्या. त्यांना उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे आणि उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. आरोग्याच्या पाक्षिकात प्रवासवर्णन कशासाठी, असे तुम्हाला वाटले असेल. त्याचे कारण पुढे येईल.

इन्व्हरनेस या शहरातून दिवसाला मोजक्याच आगगाड्या या बाजूला येतात. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर असले, तरी दोन-सव्वादोन तास लागतात, कारण मार्ग एकेरी आहे आणि वाटेतल्या काही स्थानकांवर हात केला तरच गाडी थांबते. प्लॉक्टनचे स्थानक चढावर आहे आणि गाव खाली. उतरताना सासूबाईंनी माझा हात धरला होता, पण किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर येताच तो सोडून दिला. घरांच्या मधूनमधून ताडासारखी झाडे दिसत होती. ५७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे मुंबईच्या तिप्पट उत्तरेला, हे काय? ही झाडे खरे म्हणजे ताडाच्या कुळातली नाहीत. ती न्यूझीलंडहून आणून लावलेली कॉर्डिलाइन आहेत. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह आणि वारा अडवणारे डोंगर यांच्यामुळे ती तेथे तगतात. सासूबाई झाडांकडे फार वेळ पाहत राहिल्या नाहीत. त्यांचे लक्ष पाण्याकडे होते.

“ओहोटी लागली आहे,” त्या म्हणाल्या. तासाभरात खाडीचा तळ उघडा पडला, होड्या एका कुशीवर कलंडल्या आणि समोरच्या बेटापर्यंत चालत जाता येईल अशी वाट दिसू लागली. “इथली माणसे शिंपल्या, कालवे काढत असतील का गं?” त्यांनी विचारले. सासूबाईंचे माहेर विजयदुर्गच्या खाडीकाठचे. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला दुसरी खाडी परकी वाटत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले.

त्यांचा अंदाज बरोबर होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने हे गाव आखून वसवले. आतल्या दऱ्यांमधली कुळे उठवून तेथे मेंढ्या चरायला सोडायच्या आणि उठवलेल्या माणसांनी किनाऱ्यावर येऊन मासेमारी करायची, असा त्या काळी हायलँड्समधल्या बऱ्याच जमीनदारांचा हिशेब होता. हेरिंग माशांनी काही वर्षे साथ दिली, मग ते दिसेनासे झाले. १८४६ साली बटाट्यावर रोग पडला, तेव्हा या किनाऱ्यावरच्या लोकांना ओहोटीच्या शिंपल्यांनीच तगवले. नंतर शेकडो माणसे कॅनडाकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे गेली. गाव सुंदर आहे, ते दारिद्र्यातून उरलेले आहे; टपालकार्डावर हे दिसत नाही.

येथे एक आडवाट घेते. प्लॉक्टनच्या समोर, खाडीच्या वळणावर, डनक्रेग नावाचा एक वाडा झाडीतून डोकावतो. तो अलेक्झांडर मॅथेसन यांनी १८६६ साली बांधला. जार्डिन मॅथेसन या व्यापारी पेढीतून त्यांना संपत्ती मिळाली आणि त्या पेढीचा मोठा व्यापार चीनला अफू विकण्याचा होता. ती अफू आपल्याकडची. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे. या पेढीचे मुंबईतले मोठे भागीदार होते सर जमशेटजी जीजीभॉय. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मी वैद्यक शिकले. हे कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट एके काळी इन्व्हरनेस भागातून संसदेवर निवडून गेले होते. त्यांच्या वडील बंधूंनी लॉर्ड ही पदवी घेतली, ती याच परिसरातल्या ग्लेनेल्ग गावावरून. वाड्याकडे पाहताना मला थोडे अस्वस्थ वाटले, हे खरे. सासूबाई म्हणाल्या, “पैसा कुठून आला हे शोधत बसलीस तर देवळातसुद्धा जाता यायचे नाही.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने खाडीच्या कडेकडेने वर निघालो. वाटेत एक पाटी लागते, ‘स्ट्रोम फेरी’, आणि त्याखाली कंसात लिहिलेले आहे, ‘फेरी नाही’. पर्यटक हसतात आणि छायाचित्र काढतात. आम्हीही हसलो. खाडीच्या या अरुंद ठिकाणी पूर्वी माणसे आणि मोटारी पलीकडे नेणारी तर होती. १९७० साली खाडीच्या काठाने नवा रस्ता झाला आणि तर बंद पडली. गावाचे नाव तेवढे राहिले. २०११-१२ च्या हिवाळ्यात या रस्त्यावर दरड कोसळली, तेव्हा प्लॉक्टनच्या शाळेत येणाऱ्या पलीकडच्या मुलांना जाऊन-येऊन सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा वळसा पडू लागला आणि काही काळ तर पुन्हा सुरू करावी लागली.

आम्ही धक्क्याजवळच्या बाकावर बसलो होतो. पलीकडचा किनारा अगदी हाकेच्या अंतरावर वाटत होता. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई गेली तेव्हा इतकेच अंतर होते.”

त्यांच्या थोरल्या बहिणीची ही हकिगत मी लग्नानंतरच्या तीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. सलग ऐकली ती तेथे. सासूबाई तेव्हा ११ वर्षांच्या होत्या. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली. मूल झाले, पण रक्तस्राव थांबेना. सुईणीने हात टेकले. डॉक्टर खाडीपलीकडच्या गावात. चार गड्यांनी डोलीतून ताईला तरीपर्यंत आणले, पण ओहोटी होती आणि होडी चिखलात रुतलेली. भरतीची वाट पाहण्याशिवाय काही करता येत नव्हते. पलीकडच्या तीरावरचा कंदील दिसत होता. “पाणी चढले तेव्हा पहाट झाली होती,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्याकडे कुणी विचारले, तुमची ताई कशाने गेली, तर आई एकच शब्द सांगायची. ओहोटीने.”

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मृत्यूचे कारण मी कितीतरी वेळा वाचले आणि लिहिलेही आहे. ‘ओहोटी’ हे कारण कोणत्याही प्रमाणपत्रात लिहिता येत नाही. तरी त्या माउलीचे निदान अचूक होते असे मला वाटते.

वाचकहो, आता या लेखाचे कारण. ज्या भागात आम्ही बसलो होतो, त्या भागाने हेच निदान शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सरकारी कागदावर लिहून घेतले होते. १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, थोडे मालकाने घालायचे आणि त्यातून कामगाराला डॉक्टर मिळायचा, अशी ती योजना. हायलँड्समध्ये ती लागू पडेना. तेथल्या लोकांपाशी दोन-चार एकरांची खंडाची जमीन, एखाददुसरी गाय आणि होडी असायची. पगार नव्हता आणि मालकही नव्हता. तेव्हा १९१२ साली सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हे गृहस्थ प्रसिद्ध व्हिस्की घराण्यातले होते. डॉक्टर मंडळींनी व्हिस्कीविषयी काहीही म्हणो, या एका कामासाठी त्या घराण्याचे आभार मानायला हवेत.

समिती गावोगावी, बेटोबेटी फिरली आणि डॉक्टर, परिचारिका, धर्मोपदेशक, शेतकरी अशा सर्वांच्या साक्षी घेतल्या. जे दिसले ते भयंकर होते. एकेका डॉक्टरकडे मैलोन्मैल पसरलेला मुलूख. खाडी ओलांडायची तर होडीचे भाडे, घोडागाडीचे भाडे, आणि हा खर्च रुग्णाच्या बिलावर चढायचा. जो जितका दूर, त्याला डॉक्टर तितका महाग. म्हणून लोक शेवटच्या घटकेपर्यंत बोलावतच नसत. कित्येक ठिकाणी माणूस कशाने गेला हे लिहायलासुद्धा डॉक्टर उपलब्ध नसे. दुसरीकडे डॉक्टरही हलाखीत. राहायला धड घर नाही, आजारी पडले तर बदली माणूस नाही, म्हातारपणाची तरतूद नाही.

डिसेंबर १९१२ मध्ये अहवाल आला आणि १९१३ साली हायलँड्स व बेटांसाठी वैद्यकीय सेवेचा कायदा झाला. सरकारने वर्षाला ४२,००० पौंड दिले. त्यातून डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी मिळाली आणि त्याचा प्रवासखर्च भागवला जाऊ लागला. परिचारिका नेमल्या गेल्या. माझ्या मते या योजनेचा गाभा एकच होता: रुग्णाने द्यायची फी ठरावीक आणि माफक राहील; तो दारापाशी राहतो की खाडीपलीकडे, यावर ती ठरणार नाही. अंतराचे पैसे रुग्ण देणार नाही, सगळे मिळून देतील. १९३३ साली आयला बेटावरच्या एका रुग्णाला विमानाने ग्लासगोकडे नेले गेले आणि तेथून हवाई रुग्णवाहिकेची सुरुवात झाली. सबंध ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा आली ती १९४८ साली; त्याआधी ३५ वर्षे हा डोंगराळ, दरिद्री, विरळ वस्तीचा मुलूख तसा प्रयोग करून बसला होता.

हे सगळे मी सासूबाईंना जमेल तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि ओहोटीचे काय केले त्यांनी?” मी म्हटले, “आई, रस्ता केला.” त्यांनी मान हलवली.

तेथे सगळे आलबेल आहे असे समजू नका. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या बाकावर सासूबाईंच्याच वयाच्या एक बाई येऊन बसल्या. दुभाष्याचे काम मी केले. त्यांच्या यजमानांना पक्षाघात होऊन काही वर्षे झाली होती. स्कॉटलंडमध्ये २००२ सालापासून ६५ वर्षांवरील ज्या व्यक्तींना गरज आहे असे तपासणीत ठरते, त्यांना आंघोळ, कपडे घालणे, भरवणे अशी वैयक्तिक मदत घरी विनामूल्य मिळते. औषधांच्या चिठ्ठीचे पैसेही २०११ पासून लागत नाहीत. त्या बाईंकडे सकाळ-संध्याकाळ मदतनीस येते. पण ती पगारावर काम करणारी मुलगी दुसऱ्या गावाहून मोटारीने येते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचले की येईपर्यंत अकरा वाजतात आणि तोवर नवरा ओल्या कपड्यांत पडून असतो. कायद्याने मदत दिली आहे, माणसे कोठून आणायची? तरुण शहरात गेले. गावातली कितीतरी घरे सुट्टीपुरती उघडतात. बाईंचा एक मुलगा ग्लासगोत, दुसरा ऑस्ट्रेलियात. सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे गणपतीत उघडतात.” हे मी भाषांतरित केले, तेव्हा गणपती म्हणजे काय हे सांगावे लागले, बंद घरांविषयी काही सांगावे लागले नाही.

मग त्या बाईंनी विचारले, “तुमची काळजी कोण घेते?” सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले आणि पुढे म्हणाल्या, “पण हिची कोण घेणार, ते विचारा.”

घरातल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना माझे एक सांगणे आहे. आपण रक्तदाब मोजतो, साखर मोजतो, औषधांच्या डब्या वारांप्रमाणे भरतो. अंतर मात्र कोणी मोजत नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर तुमच्या घरापासून हृदयविकाराचे उपचार होणारे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? किलोमीटर नकोत, मिनिटे सांगा. चौथा मजला आणि लिफ्ट बंद असेल तर खुर्चीतून खाली कोण उतरवणार? कोकणात पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला तर कोणता दुसरा रस्ता? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तुमच्या वाडीत नेमकी कुठवर येते आणि तिला वाट दाखवायला कोण उभे राहणार? प्रत्येक घराची एक ओहोटी असते. ती कोणत्या वेळी लागते हे शांतपणी ठरवून, दोन शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. दुपारच्या वेळी एकदा खरोखर तो प्रवास करून पाहा. माझ्या काही रुग्णांच्या घरच्यांनी हे केले आणि त्यातल्या एका कुटुंबाने आईची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणली.

आता, ज्यांना असा प्रवास खरेच करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे. नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, अथवा थोडे चालल्यावर धाप लागत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांनी केवळ वयाच्या आकड्याला भिऊ नये. विमा काढताना जुने आजार लपवू नका. परदेशी प्रवाशाला तेथे रुग्णालयातील उपचारांचा खर्च द्यावा लागू शकतो आणि लपवलेला आजार पुढे आला की विमा कंपनी हात वर करते. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, आणि चिठ्ठीवर त्यांची मूळ रासायनिक नावे असावीत. उन्हाळ्यात आपल्यात आणि ब्रिटनमध्ये साडेचार तासांचे अंतर असते. जाताना दिवस तेवढा लांबतो, म्हणून इन्शुलिन घेणाऱ्यांनी वेळापत्रक आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम खाली जाते. लहान गावांतली स्वयंपाकघरे संध्याकाळी लवकर बंद होतात आणि जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे जेवायची वेळ टळून गेली हे कळतच नाही. आम्ही घड्याळ पाहून जेवत होतो आणि डोळ्यांवर पट्टी बांधून झोपत होतो.

तेथे उन्हाळ्यात ‘मिज’ नावाचे बारीक किडे चावतात. खाज सुटते, पण त्यांच्यामुळे कोणताही रोग होत नाही. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या. गवतातून, नेच्यातून फिरून आल्यावर पाय, गुडघ्यांमागची खोबण आणि कंबर तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या महिनाभरात तेथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला, किंवा ताप आला, तर येथल्या डॉक्टरांना ‘स्कॉटलंडला गोचीड चावली होती’ असे आवर्जून सांगा. लाइम हा आजार आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळतो. सांगितले नाही तर तो सुचणार नाही. वेळेत कळला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. तातडीच्या मदतीसाठी तेथे ९९९ आणि रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक आहेत. आणि काठीच्या टोकाचे रबर नवे बसवून घ्या, कारण धक्क्यावरचे दगड शेवाळलेले असतात.

इन्व्हरनेसहून प्लॉक्टनला जाताना गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. स्ट्रॅथकॅरन स्थानक सुटले की रूळ अगदी पाण्याच्या कडेने जातात आणि पुढचा बराच प्रवास खाडी तुमच्या शेजारून चालते. परतताना आम्हाला ती डाव्या हाताला होती. सासूबाई काचेला कपाळ टेकून बसल्या होत्या. स्ट्रोम फेरीचे स्थानक आले तेव्हा भरती होती.